मळखाऊ रंग

२ फेब्रुवारी

कंपनीने रोज एक निरीक्षण वही लिहायला सांगितली आहे. ती काउंटरच्या खणात असते. तिच्यात मी ‘ग्राहकांचा प्रतिसाद उत्साहवर्धक’ असं लिहितो. ही वही घरची, माझी. हिच्यात खरं लिहायचं. दोन्हीकडे खोटं लिहिलं तर पुढे माझं मलाच कळणार नाही नक्की काय झालं होतं.

तर खरं असं, की एकतीस वर्षं ज्या कापडाच्या दुकानात मी उभा राहिलो, ते मालकांनी गेल्या वर्षी विकलं. अर्ध्यात औषधांचं दुकान आलं. उरलेला गाळा एका ऑनलाइन खरेदीच्या कंपनीने घेतला. लोक मोबाइलवर माल मागवणार, तो माझ्या काउंटरवर येणार, कोड सांगून घेऊन जाणार आणि नको असला तर परत आणून देणार. या भागात लोक ऑनलाइन काही घ्यायला धजत नाहीत, ओळखीचा चेहरा बसवला तर धजतील, असा कंपनीचा हिशेब. चेहरा माझा.

तीन महिन्यांची परीक्षा आहे. शंभरातली वीसपेक्षा जास्त पार्सलं परत गेली तर मला घरी पाठवून गाळ्यात लोखंडी कप्प्यांचं कपाट ठेवणार. कोड दाबला की कप्पा उघडतो. त्याला पगार नको, चहा नको. पंचावन्नाव्या वर्षी मी एका कपाटाशी शर्यत लावून बसलो आहे.

५ फेब्रुवारी

नऊ ऑर्डरी. नऊही माणसं माझ्यासमोर मोबाइल धरून उभी होती. बोट त्यांचं, निवड माझी.

निवृत्त मास्तर कोट घ्यायला आले. “अरे, चित्र छान आहे, पण तू काय म्हणतोस?” म्हणाले. मी म्हटलं, राखाडी घ्या. मग त्यांनी घरी फोन करून बायकोला विचारलं, तिने सुनेला विचारलं, औषधवाला मधे डोकावला, त्याने निळा सुचवला. शेवटी मास्तरांनी तीन रंग आणि दोन मापं मागवली. एकूण सहा कोट.

“सहा कशाला?” मी विचारलं.

“घरी नेऊन दाखवतो. एक ठेवतो, पाच आणून देतो. तुमच्या दुकानातून नेत नव्हतो का?”

नेत होते. सगळेच नेत. आमच्याकडे एका माणसाने कापड घेतलं असं कधी झालंच नाही. दुकानातून चार कपडे पसंतीला घरी जात, चार दिवस राहत, तीन परत येत. कोणी काही लिहून ठेवत नसे.

११ फेब्रुवारी

मुख्य कार्यालयातून एका बाईंचा फोन येतो. आवाजावरून तिशीतल्या असाव्यात. दर वाक्यात एक तरी आकडा असतो, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात आकडेबाई म्हणतो.

“या आठवड्यात शंभरातले एकसष्ट रिटर्न आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि त्यातले चौदा कपडे धुतलेले आहेत.”

“हो. इस्त्रीही केली आहे.”

“म्हणजे वापरलेले.”

“वापरलेले नाहीत. घालून बघितले, म्हणून धुतले.”

“का पण?”

“अंगाला लागलेलं तसंच कसं परत द्यायचं?”

मग त्या म्हणाल्या, “लेबलं काढली आहेत, कपडा धुतला आहे. आमच्या नियमात याला फसवणूक म्हणतात.”

“आमच्याकडे न धुता देण्याला म्हणतात.”

त्यांनी ते लिहून घेतलं असावं, कारण टकटक ऐकू आली. मग मी जरा समजावून सांगितलं. म्हटलं, तुमच्याकडे माणूस वस्तू घेतो, इकडे घर वस्तू घेतं. एकट्याने घेतलेली वस्तू आवडली तरी लोकांना वाटतं, कुणाला तरी विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, ही माहिती उपयोगी आहे, पण वीस म्हणजे वीस.

१३ फेब्रुवारी

काउंटरवर पाटी लावली: ‘परत द्यायचे कपडे धुऊ नयेत.’ सगळ्यात आधी नर्सबाई भडकल्या. इथल्या दवाखान्यातल्या त्या, स्वच्छतेच्या बाबतीत कडक. “घामाचं तसंच परत देऊ? आमची काही अब्रू आहे की नाही?” म्हणाल्या आणि धुतलेला स्वेटर काउंटरवर आपटून गेल्या. तो आटून लहान मुलाच्या मापाचा झाला होता.

संध्याकाळी घरी जेवताना हिने विचारलं, “कोड सांगितला की पार्सल देता? नाव नाही विचारत?”

“नाव कशाला? पावतीवर ग्राहक क्रमांक असतो, कोड जुळला की झालं.”

“दुसऱ्याने येऊन कोड सांगितला तर?”

“तरी देतो. नियमच आहे तसा.”

“बरं आहे,” ही म्हणाली.

आमच्या हिला कधी नव्हे ते माझ्या कामाबद्दल कुतूहल वाटलं, म्हणून मी अर्धा तास सगळी पद्धत समजावून सांगितली. मुलीने परगावी जाताना आपला जुना मोबाइल आईला दिला होता, त्यावर करूनही दाखवलं. हिचं लक्ष चांगलं होतं. नाही तर मी बोलायला लागलो की हिला स्वयंपाकघरात काही तरी आठवतं.

१९ फेब्रुवारी

आज एक नवं गिऱ्हाईक. क्रमांक एक्केचाळीस. स्वतः आली नाही. कोड घेऊन शिवणबाई आल्या. पलीकडच्या गल्लीत त्या कपडे शिवतात, आमच्या दुकानाचं निम्मं काम त्यांच्याकडेच जायचं.

पावती वाचली: बाईचा ड्रेस, रंग केशरी, माप मोठं, उंची कमी. मी म्हटलं, “कोण हो ही? अशा बांध्याला केशरी घालून काय दिवा लावायचा आहे? गडद काही तरी घ्यायला सांगा. घरात कुणी सांगणारं दिसत नाही बिचारीला.”

“सांगणारं आहे, भाऊ,” शिवणबाई म्हणाल्या आणि पार्सल पिशवीत टाकलं.

काउंटरवर चौघीजणी होत्या. इथे पार्सल सगळ्यांसमोर उघडायचं असा शिरस्ताच पडला आहे, मी त्यासाठी एक टेबलही मांडलं आहे. शिवणबाईंनी न उघडता नेलं, ते चौघींना अजिबात आवडलं नाही.

२७ फेब्रुवारी

रिटर्न त्रेपन्न. आकडेबाई म्हणाल्या, घसरण स्वागतार्ह आहे. मी निरीक्षण वहीत तेच वाक्य उतरवलं.

एक्केचाळीस नंबरने बूट मागवले. लाल. पायाचं माप पाच. परत आले नाहीत.

माझी नजर या गावात प्रसिद्ध आहे. माणूस दारातून आत आला की छाती, कंबर, बाही सगळं डोळ्यांनी मोजून मोकळा होतो, टेप नंतर फक्त माझं बरोबर होतं एवढंच सांगते. नुसत्या पावतीवरूनही मला एक्केचाळीस नंबर दिसायला लागली आहे. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पन्नाशीच्या आतबाहेरची. हौस दांडगी, अक्कल बेताची.

६ मार्च

आज कहर झाला. एक्केचाळीस नंबरचं पार्सल: महिलांचा पोहण्याचा पोशाख. सोबत रबरी टोपी.

मी पावती मास्तरांना दाखवली. दाखवायला नको होती, पण राहवलं नाही. मास्तर चष्मा पुसून म्हणाले, “पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेचा तरणतलाव झालाय ना. दुपारी तीन ते चार फक्त बायका.” नर्सबाई म्हणाल्या, “आमच्या दुकानात असलं काही मागायला गेलं असतं तर अर्ध्या गावाने माप विचारलं असतं.” आमचं दुकान म्हणजे माझं. मी म्हटलं, आम्ही असला माल ठेवतच नव्हतो. त्या म्हणाल्या, “तेच ते.”

शिवणबाई आल्या, पार्सल घेतलं, कुणाकडे न बघता गेल्या.

घरी आलो तर हिचे केस ओले. म्हटलं, या वेळेला? म्हणाली, दुपारी न्हाले. रात्री हिला भूकही चांगली लागली, दोनदा वाढून घेतलं, आणि पडल्या पडल्या झोपली. गुडघ्यांची रोजची कुरकुर असते तीही ऐकू आली नाही. मी वर्षभर म्हणत होतो, तेल चोळ, शेवटी ऐकलेलं दिसतंय.

१४ मार्च

हिचा वाढदिवस. दरवर्षी दुकानातून कापड नेत असे, यंदा मोबाइलवरून तयार ड्रेस मागवला. मातकट रंग, बारीक टिपके. मळखाऊ. संसारी बाईला मळखाऊ रंगासारखा रंग नाही, डाग पडला तरी दिसत नाही आणि कापड चार वर्षं जातं. हिला मी आजवर दुसरा रंग आणलाच नाही.

“छान आहे,” म्हणाली. घडी मोडली नाही, तशीच कपाटात ठेवली. जपून वापरायची सवय आहे.

मुलीने फोनवर काय आणलं म्हणून विचारलं. हिने सांगितल्यावर दोघी बराच वेळ हसत होत्या. मायलेकींचं काही तरी असतं.

२२ मार्च

आकडेबाईंचं पत्र. रिटर्न बेचाळीसवर आले आहेत, पण वीसच्या जवळपासही नाहीत. सध्याच्या आकड्यांवर गाळा चालू ठेवणं अवघड आहे. मात्र एक ग्राहक त्यांना विलक्षण वाटते: क्रमांक एक्केचाळीस. अकरा ऑर्डरी, रिटर्न शून्य, एकही वस्तू दोन मापांत मागवलेली नाही. ‘तुमच्या भागात असा ग्राहक कसा तयार झाला?’ अठरा एप्रिलला त्या स्वतः येणार, एक्केचाळीस नंबरला भेटणार आणि मग ठरवणार, माणूस ठेवायचा की कपाट.

मी उत्तर लिहिलं: सदर ग्राहक माझ्या सल्ल्याने खरेदी करतात.

लिहून पाठवूनही दिलं.

२३ मार्च

रात्रभर नाही, पण बराच वेळ झोप लागली नाही. सकाळी हिला सांगितलं.

“तुम्ही त्या बाईला ओळखता?” हिने विचारलं.

“नाही.”

“मग सल्ला कधी दिलात?”

“अगं, गावात माझं मत सगळ्यांना माहीत असतं. कुठून तरी तिच्या कानावर जातच असणार. नाही तर अकरापैकी अकरा बरोबर कसे निघतील?”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर गाळा जाईल, आणि खोटं लिहिलं म्हणून वर बोल लागेल. एकतीस वर्षांत मला कुणी खोटा म्हटलेलं नाही.” ही भांडी विसळत होती. थोडा वेळ पाणी तसंच वाहत राहिलं.

२ एप्रिल

शिवणबाईंच्या घरी गेलो. म्हटलं, हात जोडतो, त्या बाईला अठराला घेऊन या. फक्त एवढंच म्हणायचं, की हे सांगतात तसं घेते.

शिवणबाई मशीन चालवतच होत्या. “विचारलं मी तिला. ती म्हणते, तुम्ही काउंटरवर नसाल तर येईन.”

“माझ्याशी काय वाकडं आहे तिचं?”

“वाकडं नाही, भाऊ. तुम्ही बघता ना, म्हणून.”

“बघणार नाही. पाठ करून उभा राहतो.”

त्यांनी मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला खरंच कळलं नाही?” म्हणाल्या. मी विचारलं, काय. त्या म्हणाल्या, काही नाही, आणि दोरा ओवायला लागल्या. बायकांशी बोलताना हीच अडचण, मधेच दोर सोडून देतात.

९ एप्रिल

रिटर्न एकतीस. मी आता प्रत्येक जातीच्या कापडाचा एक तुकडा काउंटरवर ठेवला आहे. लोक हात लावून बघतात आणि मगच मागवतात. आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

हिने विचारलं, “गाळा गेला तर काय कराल?”

“काय करणार, घरी बसेन.”

“दिवसभर?”

“मग? तुला मदत करीन. भाजी आणीन, कपाटं लावून देईन. तुझं सामान कसं पसरलेलं असतं बघतो ना मी.”

हिने कपाटाचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, “मी बोलते शिवणबाईंशी. त्या बाईला समजावते.”

आमची ही बोलत नाही फारसं, पण वेळेला उभी राहते.

१८ एप्रिल

सगळं क्रमाने लिहितो.

आकडेबाई सकाळी अकराला आल्या. अंगाने किडकिडीत, बोलायला नम्र. त्यांना चहा दिला. कापडाचे तुकडे बघून त्यांनी फोटो काढले. मग म्हणाल्या, “ग्राहक येणार आहेत ना?” मी म्हटलं, येतील.

सव्वाअकराला दारात एक बाई उभी राहिली. उजेड तिच्या मागून येत होता, तोंड दिसत नव्हतं. सवयीने माप घेतलं. ठेंगणी, खांदे रुंद, उभं राहणं ताठ, पायात लाल बूट. अंगात केशरी. मी म्हणालो होतो अशा बांध्याला केशरी शोभत नाही. शोभत होतं. हे कबूल करायला हवं म्हणून लिहितो. मग ती दोन पावलं आत आली आणि बघतो तो ही.

मला आधी वाटलं, डबा विसरलो म्हणून आली.

“मी एक्केचाळीस नंबर,” ही आकडेबाईंना म्हणाली.

आकडेबाईंना आमचं नातं माहीत नव्हतं. हिने सांगितलं नाही. मीही नाही. त्यांनी हिला खुर्ची दिली, मांडीवरचा संगणक उघडला.

“तुमची एकही वस्तू परत आली नाही. इथे सगळे दोन-चार मागवून परत करतात. तुम्ही कशा चुकत नाही?”

“यांच्या सल्ल्यामुळे,” ही म्हणाली.

“दर वेळी यांना विचारता?”

“विचारावं लागत नाही. यांचं मत मला पाठ आहे.”

आकडेबाईंनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवरचे कापडाचे तुकडे सारखे करत होतो.

“मग पार्सल न्यायला स्वतः का येत नाही?”

इथे ही थांबली. आता ही काय म्हणते त्यावर माझा गाळा होता, हे तिलाही ठाऊक होतं.

“घरात काम असतं,” ही म्हणाली. “शिवणबाई येतच असतात इकडे.”

“शेवटचा प्रश्न. इथे यांच्याऐवजी कोडने उघडणारं कपाट ठेवलं तर?”

हिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, चिडून नाही, भीतीनेही नाही. मग आकडेबाईंना म्हणाली, “कपाटाला मत नसतं.”

ते त्यांनी कपाटाच्या विरुद्ध म्हणून लिहून घेतलं. मीही तेव्हा तसंच समजलो. त्याचा दुसरा अर्थ संध्याकाळी कळला.

तीच तारीख, संध्याकाळ

दिवे लागायच्या वेळेला घरी आलो. ही केशरी ड्रेसमध्येच होती. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

राग आला होता, तो आधी काढला. म्हटलं, “माझ्या सल्ल्याने? मी तुला कधी सल्ला दिला?”

“एकोणतीस वर्षं देताच आहात.”

“मी तुला केशरी घे म्हणालो?”

“नाही ना. म्हणूनच घेतलं.” ही खुर्चीवर बसली आणि अगदी पाककृती सांगावी तसं सांगायला लागली. “मोबाइलवर एखादी वस्तू आली की मी मनात म्हणते, हे काय म्हणतील? तुम्ही हो म्हणाल असं वाटलं की पुढे जाते. नको म्हणाल असं वाटलं की घेते. आजवर एकही चुकलं नाही. त्या बाईंना मी खोटं नाही सांगितलं.”

मी विचारलं, दुकानात का नाही आलीस कधी? माझंच दुकान होतं.

“आले होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी. असल्याच रंगाच्या कापडावर हात ठेवला होता. तुम्ही गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, हे तुझं काम नाही, तुला मळखाऊच बरं. सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले. पण मग नाही आले.”

“मला आठवत नाही.”

“तुम्हाला कशाला आठवेल?”

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. थोड्या वेळाने विचारलं, पोहायला येतं का तुला? म्हणाली, येतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता. सहा आठवडे लागले. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, पाण्याची नाही वाटली.

“मग आज माझी बाजू का घेतलीस?”

“गाळा गेला असता तर तुम्ही मोडला असतात.” मग जरा हसली. “आणि दुपारी तीन वाजता घरी बसला असतात. थोडं तुमच्यासाठी, थोडं माझ्यासाठी.”

राग गेल्यावर लाज वाटली. गावातल्या प्रत्येक माणसाचं माप मी डोळ्यांनी घेतलं, आणि हिचं माप दोन महिने कागदावर माझ्या हातात येत होतं. ‘अक्कल बेताची’ असं याच वहीत लिहिलं आहे, पान शोधून पुन्हा वाचलं. खोडणार नाही. खरं लिहायचं ठरवलं होतं.

१९ एप्रिल

सोळा पार्सलं. पाच परत. एक धुतलेलं.

दोघं जेवलो. मातकट ड्रेसचं मीच म्हटलं, तो परत करता येईल, मुदत अजून आहे. हिने घडीसकट आणून दिला. तो धुतलेला नव्हता.

२५ एप्रिल

पत्र आलं. रिटर्न चोवीस. वीसच्या आत नाहीत, तरी गाळा एक वर्ष चालू राहणार. ग्राहकांच्या मनातलं ओळखणारा माणूस कपाटापेक्षा उपयोगी आहे, असा आकडेबाईंचा अभिप्राय. मला आता विक्री सल्लागार म्हणायचं आहे. इतर ठिकाणच्या काउंटरवाल्यांसाठी माझ्या सल्ला देण्याच्या पद्धतीवर दोन पानं लिहून हवी आहेत.

पत्र हिला वाचून दाखवलं. ‘मनातलं ओळखणारा’ इथे मला थांबावं लागलं. ही म्हणाली, पुढे वाचा.

दोन पानं अजून लिहिलेली नाहीत. एक ओळ सुचली आहे: विचारल्याशिवाय सांगू नये. बाकी पानं कशी भरायची ते बघू.

३० एप्रिल

आज ही काउंटरवर स्वतः आली. रांगेत उभी राहिली. पुढे मास्तर, मागे नर्सबाई आणि आणखी दोघी. नंबर आल्यावर कोड सांगितला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

पार्सल कप्प्यातून काढताना पावती वर होती. मी ती खाली केली आणि पार्सल तसंच पुढे सरकवलं.

“उघडा की, वहिनी, बघू तरी,” नर्सबाई टेबलाकडे हात करून म्हणाल्या.

“घरी जाऊन,” ही म्हणाली. पिशवीत टाकलं आणि गेली.

ती पायऱ्या उतरेपर्यंत सगळ्यांच्या नजरा पिशवीवर होत्या. मग नर्सबाई माझ्याकडे वळल्या. “काय होतं हो त्यात?”

“माहीत नाही.”

“तुमच्या हातून गेलं आणि तुम्हाला माहीत नाही?”

“वाचलं नाही.”

मास्तर म्हणाले, “अरे, पण तिला शोभेल का ते?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकतीस वर्षं असे बघत आले आहेत, आणि मी कधी कुणाला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. “ते तिला माहीत,” मी म्हटलं आणि पुढचा कोड विचारला.

संध्याकाळी घरी गेलो. पिशवी खुंटीला होती, रिकामी. हिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जेवताना दोनदा तोंडाशी आलं. आता हे लिहितो आहे, ही आत पुस्तक वाचते आहे, आणि विचारावंसं मला अजूनही फार वाटतं आहे.